बी.एस्सी.ची तीन वर्षे : पाया की हातचे काम?

बारावीनंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. करणारा विद्यार्थी तीन वर्षे द्रव्य, ऊर्जा आणि त्यांचे नियम यांचा अभ्यास करतो. महाराष्ट्रात हे शिक्षण मुख्यतः विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत मिळते. मुंबईचे विल्सन (1832) आणि पुण्याचे फर्ग्युसन (1885) यांच्यासारख्या जुन्या संस्था घ्या किंवा तालुक्याच्या गावी अलीकडे निघालेले महाविद्यालय घ्या, अभ्यासक्रमाचा सांगाडा जवळपास एकच असतो. जुन्या रचनेत पहिल्या वर्षी तीन-चार विषय, दुसऱ्या वर्षी दोन-तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच, अशी उतरती भाजणी होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 लागू झाल्यावर मुख्य आणि दुय्यम विषय अशी मांडणी आली. कौशल्याचे अभ्यासक्रम, ऑन जॉब ट्रेनिंग आणि इतर शाखांतले खुले विषय यांनाही क्रेडिट मिळू लागले. तीन वर्षांत 120 ते 132 क्रेडिट जमवायची असतात. लेक्चरचे एक क्रेडिट म्हणजे 15 तास आणि प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे 30 तास, असा हिशेब आहे.

एवढ्या तासांत नेमके काय साधायचे, याविषयी शिक्षकांतच दोन मते आहेत. एक मत असे, की पदवीच्या वर्षांत पाया पक्का करावा. मूलभूत सिद्धान्त आणि गणित सावकाश मुरू द्यावे, पोटापाण्याचे पुढे बघता येते. दुसरे मत असे, की बी.एस्सी.ला येणारी बहुसंख्य मुले संशोधक होणार नाहीत; तीन वर्षांनंतर त्यांना उभे राहता येईल असे काम त्यांच्या हाती द्यावे. पुढच्या संवादात पहिले मत भौतिकशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या तोंडी घातले आहे. दुसरे मत रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका मांडतात. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काही वर्षे काढून त्या शिकवण्याकडे वळल्या, असे धरले आहे. एकाच महाविद्यालयात शिकवणारे दोघे एकमेकांना ज्या रीतीने हाक मारतात तीच रीत येथे ठेवली आहे.

पहिला मतभेद विषयांच्या संख्येवरून होतो.

सर : पहिल्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही घ्यायलाच हवेत, मॅडम. अठराव्या वर्षी आपल्याला कशात गोडी लागेल हे मुलांना ठाऊकच नसतं. केंब्रिजला नॅचरल सायन्सेस करणारा मुलगा पहिल्या वर्षी विज्ञानाचे तीन विषय घेतो, जोडीला गणित. एका विषयावर तो येतो तिसऱ्या वर्षी. आपली जुनी रचना याहून फार वेगळी नव्हती.

मॅडम : पण तिथे दोघातिघांना समोर बसवून दर आठवड्याला गणितं सोडवून घेतात, सर. आपल्या एफ.वाय.च्या वर्गात शंभराच्या वर मुलं असतात. तीन विषय म्हणजे आपल्याकडे तीन विषयांच्या नोट्स, तीन सबमिशनं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिन्हींचं पाठांतर. त्यापेक्षा एक विषय धडपणे येऊ दे.

सर : एक विषय धडपणे येण्यासाठीच शेजारचा विषय लागतो. थर्मोडायनॅमिक्सचं घ्या. ते तुम्हीही शिकवता, मीही शिकवतो.

या उदाहरणापाशी थोडे थांबायला हवे. ऊष्मागतिकीचा पहिला नियम भौतिकशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत असा मांडतात : आंतरिक ऊर्जेतील बदल म्हणजे व्यवस्थेला दिलेली उष्णता वजा व्यवस्थेने केलेले कार्य. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तोच नियम उष्णता अधिक कार्य असा येतो, कारण तेथे व्यवस्थेवर झालेले कार्य धन मानतात. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत. पण एकाच इमारतीत, एकाच आठवड्यात, एका मजल्यावर वजा आणि दुसऱ्या मजल्यावर अधिक पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितले नाही, तर तो दोन सूत्रे पाठ करतो आणि दोन्ही पेपरांत चिन्हे चुकवतो. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा भौतिकशास्त्रात 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, रसायनशास्त्रात दर मोलला 1312 किलोज्यूल. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे आहेत, हे तिसऱ्या वर्षाच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. दोन विषय घेतल्याने ते आपोआप लक्षात येईल, असेही नाही. त्यासाठी दोन विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी ते होत नाही. विषयांची संख्या वाढवण्यापेक्षा हे काम अधिक निकडीचे आहे.

गणिताच्या बाबतीत दोघांचे अंतर कमी होते.

मॅडम : गणित सोडून आलेली मुलं माझ्याकडे एस.वाय.ला अडकतात, हे मी मान्य करते. पार्शल डेरिव्हेटिव्ह दिसलं की पेन खाली ठेवतात. पण त्यांना मॅथ्स विभागाचं एप्सिलॉन-डेल्टाचं गणित कशाला? त्यांना वापरायचं गणित द्या : डिफरन्शियल समीकरणं, मॅट्रिक्स, आलेखाचा चढ काढणं, मापनातल्या चुकीचा अंदाज बांधणं.

सर : वापरायचं गणित मी मॅथेमॅटिकल मेथड्सच्या पेपरात शिकवतोच. तरी एक सांगतो. श्रोडिंजरचं समीकरण हायड्रोजनला लावायचं म्हटलं, की ज्याचा कॅल्क्युलस हाताखालचा आहे तो पाच पानं चालत जातो आणि शेवटी ऑर्बिटलचे आकार त्याला स्वतः सापडतात. बाकीच्यांना ते पुस्तकातल्या चित्रावरून मानून घ्यावे लागतात. केमिस्ट्रीच्या मुलांनी ते का मानून घ्यावं?

मॅडम : कारण सहा महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये तेवढा वेळ नसतो, सर.

वेळ नसतो हे खरे, आणि असतो तो कशावर जातो हेही पाहिले पाहिजे. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत सूत्राची सिद्धता विचारतात. सिद्धता पाठ करता येते, म्हणून वर्षभर तीच पाठ होते. त्यामुळे ऐंशी टक्के मिळवणारा विद्यार्थी एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेला बसला, की पहिल्याच गणितापाशी गोंधळतो. तेथे सिद्धता विचारत नाहीत, ती वापरून उत्तर काढायला सांगतात. हॅलिडे-रेस्निकमधली किंवा ग्रिफिथ्स यांच्या विद्युतगतिकीच्या पुस्तकातली प्रकरणाअखेरची गणिते ज्याने स्वतः सोडवली, चुकवली आणि पुन्हा सोडवली त्याला हा धक्का बसत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सेमिस्टरमध्ये इंग्रजी पुस्तकांची भीती वाटते. पण गणिते सोडवायला घेतली की ती वर्षभरात जाते, कारण तेथे मजकूर थोडा आणि काम जास्त असते.

खरा वाद प्रयोगशाळेत होतो आणि त्याचा निकालही तेथेच लागतो. बी.एस्सी. आणि नुसते पुस्तक वाचून घेतलेले ज्ञान यांत काही फरक असेल, तर तो प्रॅक्टिकलच्या टेबलावर आहे.

सर : तुम्ही म्हणता हातचं काम शिकवा. माझा स्पेक्ट्रोमीटर हातचंच काम आहे.

मॅडम : सर, तुमचा स्पेक्ट्रोमीटर पुढे आयुष्यात कुठे भेटणार त्यांना? माझी मुलं कंपनीत गेली की पहिल्या दिवशी एचपीएलसीसमोर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसमोर, उभी राहतात. ते मशीन त्यांनी कॉलेजात पाहिलेलंही नसतं.

सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी ग्रेटिंगने काढणे, हा प्रयोग महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रयोगशाळांत होतो. तो नीट केला तर काय शिकायला मिळते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. दुर्बीण आधी खिडकीबाहेरच्या लांबच्या वस्तूवर रोखून अनंतावर जुळवायची. मग कॉलिमेटरचे किरण समांतर करायचे, टेबल स्पिरिट लेव्हलने सपाट करायचे आणि ग्रेटिंग किरणांना काटकोनात आणायचे. या तयारीतच पाऊण तास जातो. ग्रेटिंगवर इंचाला 15,000 रेघा असतील तर दोन रेघांमधले अंतर सुमारे 1.69 मायक्रोमीटर येते आणि पहिल्या क्रमाची पिवळी रेघ 20 अंश 22 मिनिटांच्या आसपास दिसते.

ही रेघ एक नाही. सोडियमच्या 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉम अशा दोन रेघा शेजारी शेजारी असतात. पहिल्या क्रमात त्यांच्यातले अंतर जेमतेम सव्वा मिनिटाचे असते, आणि व्हर्नियरचा लीस्ट काउंटच एक मिनिट असतो. दुसऱ्या क्रमात, सुमारे 44 अंशांवर, तेच अंतर साडेतीन मिनिटांच्या जवळ जाते. फट पुरेशी बारीक ठेवली तर दोन रेघा स्वच्छ वेगळ्या दिसतात. तिसरा क्रम शोधत दुर्बीण फिरवत राहिले तरी सापडत नाही, कारण त्यासाठी कोनाची साइन एकापेक्षा मोठी असावी लागेल. हे तिन्ही अनुभव, म्हणजे दिसतेय पण मोजता येत नाही, आता मोजता येते आणि येथे काही असूच शकत नाही, ज्याने डोळ्यांनी घेतले त्याला उपकरणाची मर्यादा आणि निसर्गाची मर्यादा यांतला फरक समजतो.

पहिल्या क्रमात कोनात एका मिनिटाची चूक झाली, तर तरंगलांबीत सुमारे साडेचार अँगस्ट्रॉमची चूक होते. म्हणून प्रामाणिक रीडिंगवरून एका विद्यार्थ्याचे उत्तर 5885 येईल, दुसऱ्याचे 5901. दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. तरीही जर्नलांच्या, म्हणजे प्रयोगवह्यांच्या, गठ्ठ्यात पानामागून पान 5893 दिसते. उत्तर आधी लिहून, त्यावरून उलटा हिशेब करून कोन बसवलेले असतात. मागच्या वर्षीच्या जर्नलातले आकडे एखाद-दुसऱ्या मिनिटाने इकडेतिकडे करून उतरवलेले असतात, आणि त्यावर सही मिळते.

सर : हे मी दर वर्षी पाहतो. 5893 आलं की मुलगा खूश, 5907 आलं की तोंड पाडून येतो आणि विचारतो, सर, रीडिंग बदलू का? मी म्हणतो, बदलू नकोस. का आलं ते लिही. पण तेवढं लिहायला त्याला जागाच नसते, कारण जर्नलाच्या छापील पानावर निकालाची एकच ओळ असते.

मॅडम : केमिस्ट्रीत तेच आहे. टायट्रेशनला एक पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग्ज आणि सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तिन्ही रीडिंग्ज हुबेहूब सारखी. ब्युरेटवर शून्य पूर्णांक एक मिलिलिटरची खूण असते, एक थेंब त्याच्या निम्मा. तीन वेळा तंतोतंत एकच आकडा प्रत्येकाला, दर आठवड्याला कसा येईल?

सर : आणि मग तुमच्या कंपनीत जाऊन हीच मुलं काय करतात?

मॅडम : तिथे हे चालत नाही. नोंद पेनानेच करायची. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खोडरबर, व्हाइटनर, कच्चा कागद, काही नाही. गेल्या दशकात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपल्याकडच्या अनेक कारखान्यांना इशारापत्रं दिली, ती औषध वाईट होतं म्हणूनच दिली असं नाही. नोंदी खऱ्या आहेत याची खात्री देता आली नाही, हे त्यातलं मोठं कारण. मशीन चालवायला आम्ही पंधरा दिवसांत शिकवायचो. तीन वर्षं जर्नल उतरवलेल्या माणसाची सवय मोडायला फार दिवस लागायचे.

येथे दोन मतांची टोके एकमेकांना भिडतात. सरांना मूलभूत विज्ञानासाठी जे हवे, तेच मॅडमना नोकरीसाठी हवे : डोळ्यांनी पाहिलेले, पाहिले त्याच क्षणी शाईने लिहिलेले, न बदललेले निरीक्षण. महागडे उपकरण असले तरी ते आपोआप मिळत नाही, आणि साध्या काचेच्या भांड्यांवरही ते मिळवता येते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन 60 ते 70 अंश सेल्सिअसला करतात. पहिले थेंब टाकले की जांभळा रंग रेंगाळतो, मग हळूहळू रंग जाण्याचा वेग वाढतो. अभिक्रियेतच तयार होणारे मँगनीजचे आयन पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात, म्हणून असे होते. पहिल्या थेंबाचा रंग रेंगाळताना ज्याने पाहिला आणि वहीत टिपला, त्याला उत्प्रेरण हे प्रकरण वेगळे शिकवावे लागत नाही. ज्याने सीबीआर शेजाऱ्याकडून घेतला, त्याच्या वाट्याला हे येत नाही.

तरीही सगळा वाद येथे मिटत नाही.

मॅडम : सवयीचं कबूल. पण एचपीएलसी नको, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक कॉलेजला घेणं परवडणार नाही, तर चार कॉलेजांनी मिळून घ्यावं. ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत, तर मुलांना तारापूरला, महाडला, लोट्याला, कुरकुंभला कारखान्यांत खरोखर पाठवावं. नुसता शिक्का मारलेला कागद आणू नये.

सर : पाठवा. त्याआधी बिअर-लॅम्बर्टचा नियम त्यांच्याकडून साध्या कलरीमीटरवर आलेख काढून पडताळून घ्या. रेघ कुठे वाकते आणि का वाकते हे कळलं, की मशीनच्या पडद्यावरचा आकडा केव्हा मानायचा आणि केव्हा नाही, हेही कळेल.

यात सरांचे म्हणणे क्रमाच्या दृष्टीने बरोबर आहे आणि मॅडमचे निकडीच्या दृष्टीने. रसायनशास्त्राच्या पदवीधराला औद्योगिक वसाहतींतल्या गुणवत्ता नियंत्रण विभागात किंवा उत्पादनाच्या पाळीवर काम मिळू शकते. भौतिकशास्त्राच्या पदवीधरासाठी असा थेट दरवाजा अरुंद आहे. त्यातले बरेच जण बी.एड., एम.सी.ए. किंवा बँकेच्या आणि राज्यसेवेच्या परीक्षांकडे वळतात. म्हणून भौतिकशास्त्राच्या मुलाने पहिल्या वर्षापासून पायथॉनसारखी एखादी संगणकभाषा प्रयोगाच्या आकड्यांवर चालवायला शिकावी. ती संशोधनात लागते आणि बाहेरही लागते.

संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी गेल्या वीस वर्षांत वाटा वाढल्या. पुण्याची आयसर 2006 मध्ये आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातले मूलभूत विज्ञानाचे केंद्र 2007 मध्ये सुरू झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2011 मध्ये पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम काढला. होतकरू मुले बारावीनंतर थेट तिकडे जातात. तेव्हा साध्या महाविद्यालयातल्या बी.एस्सी.ला अर्थ काय उरला, हा प्रश्न पालक विचारतात.

सर : होमी भाभा 1927 साली केंब्रिजला गेले ते घरच्यांच्या इच्छेप्रमाणे यंत्र-अभियांत्रिकी शिकायला. मन फिजिक्सकडे ओढू लागलं तेव्हा वडिलांनी अट घातली : आधी अभियांत्रिकीच्या ट्रायपॉसला पहिला वर्ग आण, मग गणितासाठी तिथेच राहा. 1930 मध्ये त्यांनी तो आणला आणि मग आपल्या विषयाकडे वळले. उशिरा वळणाऱ्यांसाठी दार उघडं हवं, मॅडम. साधं कॉलेज ते दार आहे.

मॅडम : भाभांच्या घरी तो खर्च झेपणारा होता. आपल्या मुलांना तीन वर्षांनी घरी पैसे पाठवायचे असतात. दार उघडं ठेवायचं तर त्यांना सांगायला तरी हवं ना, कुठली दारं आहेत ती?

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियस हा उपक्रम चालवते. निवडलेल्या मुलांना तेथे शास्त्रज्ञांच्या हाताखाली प्रकल्प करता येतो. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे आणि विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली असते. पदवीच्या तिसऱ्या वर्षीच जॅम देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना मूलभूत विज्ञान शिकताना वर्षाला 80,000 रुपयांची इन्स्पायर शिष्यवृत्ती ठेवलेली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात ही माहिती बहुधा तिसऱ्या वर्षी पोहोचते, तोवर अर्जांच्या तारखा उलटलेल्या असतात. ही माहिती पहिल्या वर्षीच, पहिल्याच महिन्यात वर्गात सांगणे शिक्षकांचे काम आहे.

शेवटचा प्रश्न नव्या रचनेतल्या ऐच्छिक चौथ्या वर्षाचा. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते आणि तेथून थेट पीएच.डी.चीही वाट आहे.

सर : वर्षभर एकच प्रश्न घेऊन बसायची संधी आम्हाला मिळाली नव्हती. मुलांनी ती घ्यावी.

मॅडम : मार्गदर्शन करणारा स्वतः काम करत असेल, तरच घ्यावी. नाहीतर चौथं वर्ष म्हणजे आणखी एक जाडजूड जर्नल होईल. कॉलेजात तशी माणसं नसतील तर तीन वर्षांत पदवी घ्यावी आणि जिथे काम चालतं तिथे जावं.

चौथ्या वर्षाबाबत मॅडमचे मत धरून चालावे, कारण संशोधन कागदावर मंजूर करून सुरू होत नाही. पहिल्या वर्षाबाबत मात्र सरांचे : गणित सोडू नये आणि दोन विज्ञाने तरी जोडीने शिकावीत.

प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने आणि पालकांनी महाविद्यालयाची प्रयोगशाळा एकदा पाहून यावी. उपकरणे किती नवी आहेत याकडे फार लक्ष देऊ नये. मागच्या वर्षीची चार जर्नले मागून घ्यावीत आणि त्यांत एका रेघेने खोडलेली, शेजारी कारण लिहिलेली रीडिंग्ज आहेत का ते पाहावे. ती असतील, तर तेथे प्रवेश घ्यावा.